चकाकी ऐकू येते का?

साधारण तिशीच्या आसपास, दुसरं प्रमोशन आणि गृहकर्जाचा पहिला हप्ता यांच्या मध्ये कधीतरी, माणसाला गिटार शिकावीशी वाटते असं माझं निरीक्षण आहे. आमच्या हापिसात तर सध्या साथच आली आहे. आणि मी कॉलेजपासून गिटार खाजवतो (वाजवतो म्हणायची हिंमत नाही) हे चार लोकांना माहीत असल्याने दर महिन्याला कोणीतरी चहाच्या मशीनपाशी गाठून एकच प्रश्न विचारतं: "सॅटिन घेऊ की ग्लॉस?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ग्लॉस म्हणजे आरशासारखी चकचकीत गिटार, जिच्यात आपलं तोंड दिसतं. सॅटिन म्हणजे मंद, मखमली तकाकी असलेली. एक दुकानदार सांगतो, सॅटिनचा आवाज मोकळा असतो, लाकूड 'श्वास घेतं'. शेजारचा सांगतो, ग्लॉसचा आवाज खणखणीत. दोघेही छातीठोकपणे सांगतात, आणि योगायोग असा की दोघांकडेही त्याच प्रकारचा माल शिल्लक असतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी गिटारचा देश सोडून थेट मिरजेला पोचलो. पुण्याहून निघालं की सातारा, कराड, सांगली आणि मग मिरज. (सातारा आणि सतार यांचा संबंध फक्त अनुप्रासाचा, पण सतारीच्या गावाला जायचं तर साताऱ्यावरूनच जावं लागतं.) तंतुवाद्याला पॉलिश का करायचं, किती करायचं आणि त्याने आवाजाचं काय होतं, हे प्रश्न या गावात दीडशेहून अधिक वर्षं रोजच्या कामाचे आहेत.

*

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथले बरेचसे कारागीर शिकलगार घराण्यातले. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारींना धार लावणारे आणि त्यांना झिलई देणारे लोक. 1818 साली पेशवाई बुडाली, संस्थानिकांच्या फौजा आटल्या आणि शस्त्रांचं काम हळूहळू संपत गेलं. पण मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, दरबारात गवई येत, आणि गवयांची वाद्यं बिघडत. ती दुरुस्त करायला माणूस आणायचा कुठून? गावात सांगतात त्या कहाणीप्रमाणे 1850 च्या सुमारास हे काम फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे आलं. हात कसबी होता. दुरुस्ती करता करता वाद्य उमगलं, आणि मग नवी वाद्यं घडू लागली. आज मिरजेचा तंबोरा देशभरच्या मैफलींत असतो, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मला या कहाणीतली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते ती ही, की ज्यांचा पिढीजात धंदा पृष्ठभाग चमकवण्याचा, त्यांच्याच हाती वाद्यं आली. लोखंडाला चकाकी येते ती घासून. आधी भरड, मग बारीक, मग आणखी बारीक. वरून काही चढवायचं नाही, उंचवटे काढत जायचे. पृष्ठभाग पुरेसा सपाट झाला की प्रकाश सरळ परततो आणि पातं चमकतं. चकाकी म्हणजे सपाटपणा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाकडाचं मात्र तसं नाही. लाकूड कितीही घासलं तरी त्याची छिद्रं उघडीच राहतात. तिथे काहीतरी चढवावं लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक चिमुकला किडा राहतो. त्याने स्वतःच्या संरक्षणासाठी सोडलेल्या राळेचं कवच म्हणजे लाख. ती साफ करून तिच्या पातळ पापुद्र्या करतात, तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडाचा बोळा त्यात भिजवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. स्पिरिट उडून जातं, लाखेचा अतिशय पातळ थर राहतो. असे कितीतरी हात, मध्ये मध्ये वाळू द्यायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा बोळा. आपले सुतार याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. नाव फ्रेंच, पण माल भारतातला. युरोपातल्या क्लासिकल गिटारींना, पियानोंना आणि दिवाणखान्यातल्या टेबलांना एकोणिसाव्या शतकात जी चकाकी आली, ती याच किड्याच्या कृपेने.

आणि फक्त चकाकीच नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले होते. 1934 ते 1936 या काळात ओडियन कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. त्या 78 च्या तबकड्या लाखेच्याच बनत, लाख आणि दगडाची भुकटी. म्हणजे ज्या पदार्थाने तंबोऱ्याला पॉलिश व्हायचं, त्याच पदार्थावर त्या काळातल्या तंबोऱ्यांचा आवाज कोरला गेला. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते.

*

मग गिटारीवर लाख का राहिली नाही? उत्तर मोटारींच्या कारखान्यात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीला रंग देऊन तो पक्का वाळायला कित्येक दिवस लागत. गाड्या भराभर जुळायच्या आणि रंग वाळण्याची वाट बघत उभ्या राहायच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळी पाइपलाइन एका स्टेपवर अडकलेली. 1923 मध्ये ड्युपाँ कंपनीने 'ड्युको' नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं. फवारणीने मारायचं आणि बघता बघता वाळायचं. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या गाड्यांवर ते आलं, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या गिटार कारखान्यांनीही ते उचललं. बोळा फिरवत बसणारा माणूस गेला, फवारा आला. 1960 च्या दशकापासून पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर आले. हे आणखी टणक, घामाला न जुमानणारे, आणि एकाच फवाऱ्यात जाड थर देणारे.

या बदलांपैकी एकही बदल आवाज सुधारावा म्हणून झाला नाही. प्रत्येक वेळी कारण एकच होतं, वेळ आणि मजुरी. ही गोष्ट ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

*

आता आवाजाकडे. तुम्ही इंजिनियर असाल तर पेन्सिल घ्या, नसाल तर विश्वास ठेवा.

गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो. साधारण 0.13 चौरस मीटर क्षेत्रफळ, 2.8 मिलिमीटर जाडी, स्प्रूसचं लाकूड. घनता घनमीटरला 400 किलो धरली तर फळीचं वजन झालं 145 ग्रॅमच्या आसपास. बस्स, दोन सफरचंदांहून कमी! या एवढ्याशा फळीने सगळी खोली हलवायची असते. आता तिच्यावर पॉलिश चढवू. लाखेचा थर 0.03 मिलिमीटर धरला तर 4-5 ग्रॅम. लॅकरचा 0.15 मिलिमीटर धरला तर 20-22 ग्रॅम. आणि स्वस्त गिटारींवर असतो तसा 0.3 मिलिमीटरचा जाड थर म्हणजे 45 ग्रॅम. फळीच्या वजनाच्या तीस टक्के! एखाद्याला पाठीवर पोतं देऊन नाच म्हणण्यासारखं आहे.

वजनाशिवाय दुसरी भानगड म्हणजे कंपनं गिळणं. चांगलं स्प्रूस टिचकी मारली की टणकन वाजतं, प्लॅस्टिकचा तुकडा 'थप्प' करतो, कारण प्लॅस्टिक कंपनांची शक्ती आत जिरवून टाकतं. बेल लॅब्जमधून निवृत्त झालेले इंजिनियर जॉन शेलेंग यांनी 1968 मध्ये व्हायोलिनच्या वॉर्निशवर प्रयोग प्रसिद्ध केले. वॉर्निशमुळे लाकडाची कंपनं जिरण्याचं प्रमाण वाढतं आणि त्याचा परिणाम रेषांच्या आडव्या दिशेला जास्त होतो, असं त्यांना आढळलं. ते साहजिक आहे. स्प्रूस उभ्या दिशेला जितकं ताठ असतं त्याच्या दहावा हिस्सासुद्धा आडव्या दिशेला नसतं, त्यामुळे तिथे पातळसा थरही दादागिरी करतो.

म्हणजे पॉलिशने आवाज बदलतो हे खरं. पण बदलतो तो जाडीने आणि ते पॉलिश किती मऊ-टणक आहे त्याने. चकाकीचं काय?

वर म्हटलं ना, चकाकी म्हणजे सपाटपणा. ग्लॉस गिटार म्हणजे बरेच थर मारून, छिद्रं भरून, घासून, बफिंग करून सपाट केलेली. सॅटिन म्हणजे जिच्या पृष्ठभागावर काही मायक्रॉनचे उंचवटे ठेवलेले आहेत. बहुधा पॉलिशमध्ये सिलिकाची बारीक पूड मिसळलेली असते, म्हणून प्रकाश विखुरतो. प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे त्याला हे उंचवटे डोंगरासारखे दिसतात. ध्वनीला? गिटारच्या जाड तारेच्या मूळ स्वराची हवेतली तरंगलांबी 4 मीटरहून जास्त. माणसाला ऐकू येणाऱ्या सगळ्यात वरच्या स्वराचीसुद्धा पावणेदोन सेंटिमीटर. त्याच्या लेखी मायक्रॉनचे उंचवटे अस्तित्वातच नाहीत. तस्मात्, चकाकी डोळ्याला दिसते, कानाला नाही.

मग सॅटिन गिटारी मोकळ्या वाजतात असं अनेक चांगले वादक म्हणतात ते खोटं का? अजिबात नाही. सॅटिनमध्ये छिद्रं भरायची आणि घासून सपाट करायची गरज नसते, म्हणून कारखाना थर कमी मारतो. थर कमी म्हणजे वजन कमी. ऐकू येतो तो पातळपणा, श्रेय मिळतं मंद तकाकीला. कोरिलेशन आणि कॉजेशनचं याहून गोड उदाहरण शोधून सापडणार नाही. पातळ ग्लॉस जाड सॅटिनला सहज मागे टाकेल. (सॅटिनचा एक आवाज मात्र खरोखर वेगळा असतो. शर्टाची बाही घासली की माइकमध्ये 'खर्र' जास्त येतं. आणि दोन वर्षांत जिथे हात टेकतो तिथे सॅटिनची आपोआप ग्लॉस होते. घासलं की चमकतं, शिकलगारांचाच नियम.)

या सगळ्यातला फरक मोजता येतो, पण ऐकू किती येतो हा वेगळा प्रश्न. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या संशोधकांनी पाठीचं आणि बाजूंचं लाकूड सोडून बाकी सारख्या सहा गिटारी बनवून घेतल्या आणि 52 वादकांना, गिटार दिसणार नाही अशी व्यवस्था करून, वाजवायला दिल्या. स्वस्त आणि महागड्या लाकडांना मिळालेले गुण जवळपास सारखे! डोळे बंद झाले की कान बराच नम्र होतो.

*

मग पॉलिशचा खरा उपयोग काय? त्यासाठी परत सातारा-सांगली रस्त्यावर या.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शेजारीच पाचगणी, निवासी शाळांचं गाव. तिथल्याच एका शाळेत 1958 साली फारुख बलसारा नावाच्या पोराने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. तो पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. जुलैमध्ये तिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर गिटारचं काय होत असेल! आणि त्याच रस्त्याने आग्नेयेला दीडशेहून जास्त किलोमीटर गेलं की मिरज, जिथे एप्रिलमध्ये ओठ फुटतात. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. गिटारची 40 सेंटिमीटर रुंद फळी मोकळी सोडली तर पाचगणीच्या जुलैपासून मिरजेच्या एप्रिलपर्यंत तीन मिलिमीटरच्या आसपास आकसू शकेल. पण ती चारी बाजूंनी चिकटवलेली असते, आकसायला जागा नसते, मग ती तडकते. पॉलिश ही ये-जा थांबवत नाही (गिटार आतून कोरीच असते), पण तिचा वेग कमी करतं, आणि लाख या कामात भलतीच तरबेज आहे. मात्र लाखेचे स्वतःचेही नखरे आहेत. पावसाळ्यात पॉलिश करायला घेतलं की दमट हवेने तिच्यावर पांढुरकी झाक येते. घाम, उष्णता आणि सांडलेली दारू हे तिचे तीन शत्रू. (गिटार आणि तिसरा शत्रू एकाच पार्टीत असण्याची शक्यता बरीच, म्हणून कारखाने टणक थर देतात यात त्यांचा फार दोषही नाही.)

*

आता मिरजेने मला शिकवलेली मुख्य गोष्ट. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तबली बसते, दांडी जोडली जाते, नक्षी होते, पॉलिश होतं. पण ज्यावर वाद्याची किंमत ठरते ते काम शेवटी होतं आणि ते काही चौरस सेंटिमीटरचं असतं. ते म्हणजे जवारी. घोडीचा वरचा भाग, ज्यावर तार टेकते, तो किंचित उतरता ठेवतात. तार हलताना त्या उतारावर सतत टेकते-सुटते, आणि खाली सुताचा धागा सरकवला की तंबोरा एकदम बोलू लागतो. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं. जुन्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिरबिंदू असतो ते उपस्वर उमटायलाच नकोत, पण तंबोऱ्यात ते खुशाल ऐकू येतात. कारण ही घोडी. इथे कानशीचा एक हात जास्त पडला तर आवाज बसतो. इथे मायक्रॉनचा हिशेब ऐकू येतो.

आणि हा हिशेब करण्याची या भागाला सवय जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, यांनी खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने श्रुती मोजायचे प्रयोग केले आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना पटले नाहीत, पुढे त्यावर बरेच वाद झाले. पण 'बुवा म्हणतात म्हणून' यावर न थांबता तारेची लांबी मोजायला बसलेला माणूस मला जवळचा वाटतो.

म्हणजे पृष्ठभागाने आवाज बदलतो, पण जिथे तार टेकते तिथे. गिटारीतही तेच. सॅडल, नट, फ्रेट या तीन जागा. सॅटिन-ग्लॉसमध्ये जो पैसा वाचेल किंवा जाईल, तो एखाद्या चांगल्या माणसाकडून सेटअप करून घेण्यात घाला. फरक पहिल्या सुरात कळेल.

शेवटचा मुद्दा, जो मला आवाजापेक्षाही मोठा वाटतो. लाखेचं पॉलिश खराब झालं तर स्पिरिटचा बोळा फिरवला की जुना थर नव्या थरात विरघळून एकजीव होतो. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांचा तंबोरा मिरजेला परत येतो, त्याची भेग बुजते, जवारी नव्याने निघते, पॉलिशचे चार हात फिरतात, आणि तो पुन्हा नातवाच्या मैफलीला जातो. पॉलिएस्टरचा थर असा विरघळत नाही. त्याचा टवका उडाला की उडाला, आणि आतली भेग सांधायची तर तो थर खरवडावा लागतो. त्यात गिटारच्या किमतीइतका खर्च येतो. म्हणजे स्वस्त गिटार दुरुस्त होत नाही, बदलली जाते. आपण कोड लिहिताना मेंटेनेबिलिटीवर तासतास मीटिंगा घेतो. मिरजेच्या कारागिरांनी त्याचं उत्तर चपड्याच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. पण बोळा फिरवणाऱ्या हाताला मजुरी लागते, आणि ती द्यायला गिऱ्हाईक तयार नसेल तर मानांकनाचा कागद भिंतीवर राहील आणि गल्लीतही फवारा येईल.

तर पुढच्या वेळी चहाच्या मशीनपाशी माझं उत्तर ठरलेलं आहे. जी आवडते ती घे रे बाबा, सॅटिन काय नि ग्लॉस काय. फक्त दुकानदाराला विचार, थर किती जाड आहे आणि दहा वर्षांनी हिला कोण दुरुस्त करेल. पहिल्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळणार नाही. दुसऱ्याला मिळालं, तर ती घे.